संकष्टीला दुपारी फ्लेमिंगो, रात्री चंद्र: मुंबईत लांब लेन्स वापरायची कशी

दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, चंद्राचा फोटो काढायचाय, कुठली लेन्स घेऊ? मी म्हणतो आधी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघ, तर समोरच्याला वाटतं हा टाळतोय. टाळत नाही हो. चंद्र कधी उगवणार ते तिथीवर, खाडीत पाणी कधी चढणार तेही तिथीवर, आणि पाणी किती चढलंय त्यावर फ्लेमिंगो तुमच्यापासून किती लांब ते ठरतं. कॅलेंडरच्या एकाच चौकोनात दोन्ही गोष्टी आहेत, आणि हे कळायला मला चार वर्षं आणि दोन लेन्स लागल्या.

कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात, तिथीची पाऊणपट करायची, जे येईल ते पूर्ण भरतीचे वाजलेले तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आसपास पाणी पूर्ण भरतं, म्हणजे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यायची. पण महिन्याभराचं प्लॅनिंग या पाऊणपटीवर मस्त होतं.

आता कृष्ण चतुर्थी घ्या, म्हणजे संकष्टी. भरती तीनच्या सुमारास, उधाणाचे दिवस नुकतेच होऊन गेलेत म्हणून पाणीही बऱ्यापैकी आत येतं, चार-साडेचारपासून उतरायला लागतं आणि पक्षी चिखलावर खायला उतरतात. तोपर्यंत ऊन तिरकं झालेलं असतं. मग घरी यायचं, जेवायचं (उपास नसेल तर), आणि नऊ-साडेनऊला चंद्रोदय, ज्याची वेळ कॅलेंडरवाल्याने छापूनच दिलेली आहे. एका दिवसात लांब लेन्सचे दोन्ही उद्योग उरकतात, म्हणून मी सगळं एका संकष्टीच्या क्रमानेच सांगतो. सीझन डिसेंबर ते मे धरा.

लेन्स किती लांब पाहिजे

एक साधं गणित लक्षात ठेवा. फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र तेवढ्या मिलिमीटरचा पडतो. ५५ मिलिमीटरच्या किट लेन्सने अर्धा मिलिमीटर, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवर जेमतेम १३० पिक्सेल, टिकलीच. ३०० ने २.७ मिलिमीटर, सुमारे ७०० पिक्सेल, व्हॉट्सॲपला ठेवायला छान. ६०० ने साडेपाच मिलिमीटर, १४०० पिक्सेल, इथे विवरं मोजता येतात. फुल फ्रेमवाल्यांनी (मोठा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर) नाराज होऊ नका, पण तेवढ्याच २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ६०० चा चंद्र ९०० पिक्सेलच येतो, कारण पिक्सेल मोठे असतात. या कामाला साधी क्रॉप बॉडी जास्त पैसे वसूल करते.

नुसता चंद्रच पाहिजे असेल तर निकॉनचे पी ९०० किंवा पी १००० सारखे ब्रिज कॅमेरे (लेन्स बदलता न येणारे, मोठ्या झूमचे) सेकंडहँड घ्या आणि विषय संपवा. पी १००० तर ३००० मिलिमीटरच्या बरोबरीचा आहे, वरच्या गणिताने चंद्र २७ मिलिमीटरचा झाला आणि फ्रेमची उंची २४, म्हणजे अख्खा चंद्र मावतच नाही! पण उडता पक्षी पकडायला गेलात की त्यांचा फोकस मागे पडतो आणि छोट्या सेन्सरमुळे संध्याकाळी दाणे येतात. पक्षीपण करायचे असतील तर सिग्मा नाहीतर टॅमरॉनची १५०-६००, सोनीवाल्यांना २००-६००, निकॉनच्या जुन्या बॉडीला २००-५००, या सगळ्या २ किलोच्या आसपास, हे वजन दुकानात पाच मिनिटं उचलून कळत नाही, दोन तास हातात धरून कळतं. म्हणून आधी वीकेंडला भाड्याने आणा. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची, चित्र मोठं करणारी काच) मी कोणाला सुचवत नाही, १.४ पटीचा एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) खातो आणि २ पटीचा दोन, एफ ६.३ च्या झूमवर लावलात की फोकस चाचपडतो.

सेकंडहँड घेताना मुंबईत एकच तपासणी महत्त्वाची, बुरशी. दोन्हीकडची झाकणं काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा. माझी पहिली ७०-३०० पावसाळाभर कपाटात बॅगेत पडून होती, गणपतीत बाहेर काढली तर आतल्या काचेवर रांगोळी. तेव्हापासून रबरी कडांचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मापक, काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. सिलिका जेलने रंग बदलला की कढईत परतून घ्यायचं. (कढई वेगळी ठेवा, घरच्यांशी भांडण नको.)

अजून एक, चारपाचशेचा यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढून टाका. लांब लेन्सवर स्वस्त काच लगेच दिसते, केसाळ कडा येतात आणि माणूस उगाच फोकसला शिव्या देतो.

दुपार, खाडीवर

पाणी कुठे आहे त्यावर जागा ठरवा. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि फ्लेमिंगो नवी मुंबईत सीवूड्सच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळीत येऊन उभे राहतात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब चिखलात जातात की ६०० ने पण गुलाबी पट्टाच दिसतो. मधल्या वेळेत, भरतीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन तास, शिवडीची जेट्टी आणि भांडुप पंपिंग स्टेशनकडची बाजू चांगली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीनुसारच बदलतात, त्यामुळे शनिवार मोकळाय म्हणून गेलो असं चालत नाही. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), तेव्हा चिखलात उतरून जवळ जायचा विचारही करू नका, शिवाय तो चिखल कमरेपर्यंत ओढतो.

ऊन कुठून येतंय हे नवखे लोक बघतच नाहीत. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिमेला, तुम्ही पूर्वेकडे बघता, म्हणजे सकाळी सूर्य तोंडावर आणि पक्षी काळे, दुपारी चारनंतर सूर्य पाठीशी आणि पंखांखालचा लाल रंग पेटलेला. ऐरोलीचा किनारा पूर्वेला, तिथे बरोब्बर उलटं, सकाळ चांगली. म्हणूनच शिवडीला संकष्टी जमते, उतरतं पाणी आणि पाठीमागचं ऊन एकाच वेळी मिळतं.

हवेचा खेळ पण समजून घ्या. दुपारी दोनला तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर उठत असते, तव्यावरून दिसते तशी, आणि तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये दोनशे मीटर तीच हवा हलतेय. फोटो धुवट येतो, फोकस पुढेमागे धावतो, माणूस लेन्स सर्व्हिसला देतो, काही निघत नाही. यावर कुठल्याही किमतीची लेन्स चालत नाही, उपाय दोनच, ऊन उतरायची वाट बघा नाहीतर अंतर कमी असेल तेच फोटो काढा. जेट्टीवर गेल्यावर मी पहिला अर्धा तास कॅमेरा काढतच नाही, दुर्बिणीने बघतो, चहा पितो.

आता सेटिंग. मॅन्युअल मोड, छिद्र पूर्ण उघडं म्हणजे एफ ६.३, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, आणि शटर स्वतःच्या हातात. चोच पाण्यात उलटी घालून खात असतील तर १/८०० पुरे, उडायला लागले की १/२००० च्या वर. चारनंतरच्या उन्हात आयएसओ ५०० ते १००० च्या घरात जाईल, घाबरू नका, दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पक्षी कोणी सरळ करून देत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ला ठेवा, कारण मागे काळा चिखल असला की कॅमेरा सगळं उजळवतो आणि गुलाबी-पांढरी पिसं जळून जातात. उलट घार आकाशात असेल तर अधिक १, नाहीतर नुसती काळी आकृती. फोकस कंटिन्युअस म्हणजे पक्ष्यामागे सतत फिरणारा, शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिलात तर उत्तम, आणि लेन्सवरचा फोकस लिमिटरचा खटका लांबच्या बाजूला सरकवा, म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात तीन सेकंद घालवत नाही. तो खटका असतो कशाला हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

थवा उडणार हे फ्लेमिंगो आधी सांगतात. आधी खाली असलेल्या माना सरळ वर होतात, मग सगळे एकाच दिशेने चालायला लागतात, मग चालीचं पळणं होतं आणि पाण्यावर पावलं आपटत उडतात. माना वर झाल्या की बोट बटणावर. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि उतरतानाही तसाच उतरतो, तेव्हा वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर ते तुमच्या दिशेने येणार, आणि दुपारनंतर मुंबईत वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, शिवडीला तो तुमच्या पाठीशीच असतो. मोठा रोहित आणि छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) ओळखायचा तर चोच बघा, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लाल, लांबून काळपट वाटते.

बोटीवर ट्रायपॉड उघडू नका, इंजिनाची थरथर पायांतून वर लेन्समध्ये येते. हातात धरा, डावा हात लेन्सच्या खाली पुढे, कोपरं पोटाला, श्वास सोडून बटण. एकदा बोटीत शेजारच्याने थवा उडावा म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवल्या, उडाला थवा, सगळ्या बोटीला फोटो मिळाले आणि मलाही मिळाला, तो मी कुठे टाकला नाही. हजारो किलोमीटर करू शकणारा पक्षी इथे खायला आलाय, त्याला दर फेरीला उठवायचं म्हणजे ताटावरून उठवणं. घरट्याचे फोटो, मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं, हेही नको.

खाडीवर जायच्या आधी महिनाभर घारींवर हात साफ करा. मुंबईत घार कुठेही दिसते, मासळी बाजारापाशी तर घिरट्याच घालत असतात, एकाच वर्तुळात संथ फिरतात, यापेक्षा सोपं उडतं टार्गेट नाही. खिडकीतला खंड्या आणि तारेवरचा वेडा राघू बसल्या सरावाला. राघू किडा पकडून त्याच तारेवर परत येतो, म्हणून फोकस तारेवरच लावून ठेवायचा.

रात्र, गच्चीवर

घरी आल्यावर लेन्स एसीत ठेवली असेल तर गच्चीवर नेल्या नेल्या काच घामेजते, म्हणून अर्धा तास आधी बंद बॅगेतच वर नेऊन ठेवायची. गच्चीची चावी सेक्रेटरीकडून दुपारीच मागून ठेवा, रात्री नऊला बेल वाजवली की चेहरा बघण्यासारखा होतो. संकष्टीला एक फायदा, चंद्र बघायला बिल्डिंगमधले उपासवाले तसेही वर येतात, गच्ची उघडीच असते.

छापलेली वेळ क्षितिजावरची असते. समोर बावीस मजली टॉवर असेल तर चंद्र त्याच्या वर यायला पाऊण तास जातो, कारण तो तासाला साधारण १४ अंश चढतो. खाली असताना लालसर, चपटा आणि अंधुक असतो, मुंबईच्या हिवाळी धुरकटात तर जास्तच, हवेचा थर जाड असतो ना. तेव्हा फोटो टॉवर आणि क्रेनसकट काढा, नुसत्या चंद्राचा धारदार फोटो पाहिजे तर साडेअकरापर्यंत थांबा, ३० अंशांच्या वर आल्यावर हवा पातळ लागते. डिसेंबर-जानेवारीतला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, हवा सगळ्यात पातळ, पण मान मोडते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात धूळ धुतलेली असते ते दिवस सोडू नका.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर करू नका, पाय अर्धेच उघडा, वारा असेल तर लेन्सचं हूड काढून टाका कारण ते शिडासारखं काम करतं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. टायमर २ सेकंदांचा पुरत नाही, ६०० मिलिमीटर लेन्स हात लावल्यावर त्यापेक्षा जास्त वेळ डुलते, ५ ठेवा. मी जवळजवळ दोन महिने पुसट चंद्र काढत होतो आणि लेन्सलाच दोष देत होतो, शेवटी एका रात्री लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहा पट मोठा करून नुसता बघत बसलो, चंद्र थरथरतोय, आणि मग एकदम शांत. खाली कान दिला तर पाण्याचा पंप बंद झाला होता. मी टाकीच्या कठड्याला चिकटून ट्रायपॉड लावत होतो! लिफ्टच्या मशीनरूमचंही तसंच, लिफ्ट हलली की स्लॅब हलतो. खांबाच्या वर येणारी जागा शोधा आणि पंपाची वेळ वॉचमनला विचारून घ्या.

फोकस मॅन्युअल. अनंताच्या खुणेवर रिंग नेऊन सोडून देऊ नका, बऱ्याच लेन्सची रिंग त्याच्या पुढेही फिरते. लाइव्ह व्ह्यू दहा पट, चंद्राची कड किंवा उजेड-सावलीची रेघ बघत रिंग केसभर पुढे-मागे, सगळ्यात बारीक दिसलं की सेलोटेपचा तुकडा. झूम हलवलात की परत पहिल्यापासून.

एक्स्पोजरला कॅमेऱ्याचं ऐकू नका, त्याला काळं आकाश दिसतं आणि तो चंद्राची पांढरी गोळी करतो. चंद्रावर ऊन पडलंय, आपल्या दुपारसारखंच, फक्त जमीन काळपट आहे. पौर्णिमेला एफ ११ आणि शटर आयएसओइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. मी एफ ८ वर आयएसओ १००, १/२०० ने सुरू करतो. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजळ असेल असं वाटतं, पण तो साधारण दहावा हिस्साच असतो, त्याला दोन स्टॉप वाढवा, १/५०. बारीक कोरीला १/२५. संकष्टीचा चंद्र क्षितिजाजवळ असेल तर याच्यापेक्षा दोन-तीन स्टॉप जास्त लागतात, स्क्रीनवर हायलाइटची चमक (जळालेला पांढरा भाग लुकलुकतो ती) सुरू करून काही लुकलुकणार नाही तेवढी मर्यादा पाळा. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे शटर १/२५ च्या खाली नेऊ नका, त्यापेक्षा आयएसओ वाढवा, आणि फ्रेम दर मिनिटाला नीट करत राहा. फाइल रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल.

पौर्णिमेचा फोटो सगळे काढतात आणि तोच सगळ्यात सपाट येतो, ऊन समोरून पडतं म्हणून सावल्याच नसतात. विवरं उठून दिसतात ती सावलीच्या रेघेवर. शुद्ध अष्टमीच्या आसपास संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, चंद्र डोक्यावर आणि रेघ मधोमध, नवशिक्याला यापेक्षा चांगली संधी नाही. कृष्ण तृतीया-चतुर्थीला रेघ दुसऱ्या काठावर असते, मारे क्रिसियम नावाचा अंडाकृती काळा डाग सावलीत जायला लागलेला दिसतो, आणि टायको विवराचे पांढरे पट्टे अजून ठळक असतात.

एकच फोटो काढून खाली जाऊ नका, पन्नास काढा. हवा सतत हलते, प्रत्येक फोटोत वेगळा तुकडा स्पष्ट येतो. ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यातले चांगले निवडून एकावर एक बसवतं (यालाच स्टॅकिंग म्हणतात), दाणे जातात, मग धार वाढवायला जागा मिळते. धार हळू वाढवा, चंद्राच्या कडेला पांढरी किनार दिसली की एक पाऊल मागे या.

इमारतीमागे भलामोठा चंद्र पाहिजे असेल तर लेन्सपेक्षा पाय लांब न्यावे लागतात. एखादी गोष्ट चंद्राएवढी दिसायला तिच्या आकाराच्या ११५ पट लांब उभं राहा. पावणेदोन मीटरचा माणूस असेल तर २०० मीटर. ओव्हलच्या पश्चिम कडेला उभे राहिलात तर राजाबाई टॉवर पूर्वेला येतो, चंद्र त्यामागून चढतो, पण अंतर कमी म्हणून ८५ मीटरच्या मनोऱ्यापुढे शर्टाचं बटण दिसतं. दहा मीटरचा घुमट झाकायचा तर साडेअकराशे मीटर मागे जा. दिवस चतुर्दशीचा निवडा, चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण-एक तास आधी उगवतो, इमारतीवर उजेड असतो आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेचा चंद्र थंडीत ईशान्येकडून आणि मे-जूनमध्ये आग्नेयेकडून उगवतो, फोटोपिल्ससारख्या ॲपवर रेघ टाकून बघा.

मागच्या संकष्टीला ढग होते. साडेदहापर्यंत गच्चीवर आम्ही सातआठ जण, काकू ताट घेऊन कठड्यापाशी, मी ट्रायपॉड त्यांच्यापासून लांब खांबावर. दहा चाळीसला ढगाला फट पडली, मी फोकस करेपर्यंत वीस सेकंद मिळाली, अकरा फ्रेम. काकूंची नजर ताटाकडे होती, चंद्र हुकलाच त्यांचा. मग स्क्रीनवर मोठा करून दाखवला तर म्हणाल्या, "अरे हे चालत नाही, आकाशातला पाहिजे," आणि परत वाट बघत बसल्या. मीही बसलो, अकरा फ्रेममध्ये स्टॅकिंग नीट होत नाही.